भिरंडांची सोलं, पाऊस लवकर आला तरी

गोव्यात मे उजाडला की घराघरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई सुरू होते. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, उकडे तांदूळ आणि सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली. यातलं बरंचसं म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या बाजारातून येतं, आणि त्यात काही वाईट नाही. सोलं मात्र परसात भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, झाड असेल तर घरीच करावीत. विकतच्या सोलांत मीठ किती, पुटं (रसात बुडवून वाळवण्याच्या खेपा) किती दिली आणि ती कशावर वाळवली हे बाहेरून कळत नाही. आमटीत टाकल्यावर कळतं, तोवर वर्षाचं घेऊन झालेलं असतं.

हे काम अवघड नाही, पण त्याला सलग ऊन लागतं. पूर्वी हिशेब सोपा होता. एप्रिलच्या मध्यापासून फळ पिकायला लागायचं, मृग लागायच्या आत शेवटची सोलं बरणीत जायची. आता तो हिशेब चालत नाही. २०२१ साली मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं आणि पिकायला आलेलं फळ एका रात्रीत जमिनीवर आलं. २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोचला. गोवा त्या दोहोंच्या मध्ये, आणि त्याच्या आधीपासूनच इथं धो धो पाऊस लागला होता. मेचा शेवटचा आठवडा भिरंडांसाठी सगळ्यात भरीचा. तोच गेला. म्हणून खाली जी रीत दिली आहे ती जुनीच आहे, पण तिची मांडणी उन्हाच्या भरवशावर न सोडता केलेली आहे: आज ऊन आहे, उद्या नसेल, तर कोणत्या पायरीवर काय हाताशी असलं म्हणजे फळ वाया जाणार नाही.

आधी फळ. एका झाडावरची सगळी भिरंडं एकदम पिकत नाहीत. दीड-दोन महिन्यांत चार-पाच वेळा काढावी लागतात. रंग नुसता लाल झाला म्हणजे फळ तयार असं नाही. गडद, काळपट जांभळ्याकडे झुकणारा लाल रंग आला आणि बोटानं दाबल्यावर फळ किंचित दबलं की ते काढायचं. अर्धवट लाल फळाची साल पातळ आणि फिकी असते. ती वाळली की तपकिरी होते आणि कितीही पुटं दिली तरी काळी पडत नाही. उलट टोकाचं, म्हणजे आपोआप खाली पडलेलं फळ आपटून फुटलेलं असतं. फुटलेल्या जागी आंबायला सुरुवात होते. असं फळ त्याच दिवशी फोडायचं असेल तरच घ्यावं, आणि तेही सोलांसाठी नव्हे, रसासाठी.

झाड हलवून फळं पाडायचा मोह होतो, कारण भिरंडीच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात आणि हाताला येतात. हलवलं की पिकलेल्याबरोबर कच्चीही पडतात, आणि ती पुढच्या खेपेची फळं असतात. बांबूच्या काठीला आकडी आणि तिच्याखाली जाळीची पिशवी बांधली की एकेक फळ काढता येतं. वर चढणार असाल तर जाड फांदीच्या बुंध्याशी पाय ठेवा, कारण लाकूड ठिसूळ असतं आणि बारीक फांदी न वाकता एकदम मोडते.

पावसात भिजलेलं फळ काढलं तर ते त्या दिवशी फोडू नका. पसरून, पंख्याखाली ठेवून पुरतं कोरडं होऊ द्या. चांगलं, न ठेचलेलं फळ घरात चार दिवस सहज टिकतं. उन्हाचा अंदाज घ्यायला हे चार दिवस फार उपयोगी पडतात. हवामान खात्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघायचा, सलग तीन दिवस ऊन दिसलं तर फोडायला बसायचं, नाही दिसलं तर दुसरा मार्ग धरायचा. तो पुढे येईलच.

आता प्रमाण. दहा किलो फळ धरून चालू, कारण मध्यम झाडावरून एका खेपेला साधारण एवढं निघतं आणि दोन माणसांना एका सकाळी ते फोडून होतं. दहा किलोत सालं पाच किलोच्या आसपास भरतात, बाकी गर आणि बिया. वाळून शेवटी हाती येतात ती दीड किलोच्या आसपास सोलं. चार माणसांच्या, आठवड्यातून तीन-चारदा मासळी करणाऱ्या घराला वर्षाला दोन-अडीच किलो लागतात. म्हणजे दोन खेपांत घरचं भागतं. बाकीच्या फळाचं काय करायचं ते मोकळेपणानं ठरवता येतं, आणि सगळ्याच फळाची सोलं करायचा अट्टहास धरायचं कारण नाही.

फळं फोडायच्या आधी धुवायची. फोडल्यावर धुतलं तर रंग आणि आंबटपणा दोन्ही पाण्यात जातात. दोन पाण्यांतून काढून जुन्या सुती लुगड्यावर पसरायची, देठाकडचा हिरवा भाग काढून टाकायचा. ज्यांना काळा डाग किंवा बारीक भोक दिसतं ती बाजूला.

फोडताना फळ आडवं कापून दोन वाट्या करायच्या. सुरी स्टीलची हवी. घरची लोखंडी विळी कितीही धारदार असली तरी तिला आज सुट्टी द्या, कारण लोखंड लागलं की कापलेली कड काळी पडते आणि रसाला धातूची चव येते. अंगठ्यानं गर आणि बिया एकदम बाहेर काढायच्या, खालच्या भांड्यात. सालीला आतून चिकटलेला पांढरट गर खरवडत बसू नका, तो वाळताना सालीत मुरतो. हाताला आधी खोबरेल तेल चोळून घ्या. भिरंडाचा रस फार आंबट, हाताला बारीक चीर असेल तर जबर झोंबतो आणि नखांखालचा रंग आठवडाभर जात नाही. कपडे जुने घाला. पांढऱ्या फरशीवर आणि चुन्याच्या भिंतीजवळ बसू नका.

भांडी काचेची, चिनी मातीची किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लॅस्टिकची. चांगलं स्टेनलेस स्टील थोडा वेळ चालतं, रात्रभर नको. ॲल्युमिनियमची परात आणि कल्हई उडालेलं तांब्याचं भाण या कामाला पूर्ण वर्ज्य. आंब त्यांना खातो आणि ते सगळं आपल्या पोटात जातं.

गर आणि बिया भांड्यात जमल्या की मीठ. दहा किलो फळाच्या गराला अर्धा किलो जाडं मीठ. मिठाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पावसाळ्यात सोलांना पाणी सुटतं त्याचं मूळ बहुतेक वेळा मिठात असतं. गोव्याच्या आगरातलं मीठ, मग ते पेडण्याच्या आगरवाड्याकडचं असो की रायबंदरकडचं, चवीला उत्तम. पण ताज्या मिठात मीठ सोडून समुद्राचे इतर क्षारही असतात, मुख्यतः मॅग्नेशियमचे. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि चवीला कडवटही असतात. मीठ वर्षभर टोपलीत किंवा गोणीत उंचावर ठेवलं, खाली पाणी ठिबकू दिलं, की हे क्षार पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून सोलांना नेहमी गेल्या वर्षीचं, मुरलेलं मीठ वापरायचं. ते नसेल तर या वर्षीचं मीठ सुपात पसरून चार दिवस उन्हात तापवा आणि खाली जमलेली ओल टाकून द्या. दुकानातलं बारीक मीठ चालतं, पण ते वजनानंच घ्या. वाटीनं मोजलं तर जाड्या मिठापेक्षा वाटीत जास्त मावतं आणि सोलं खारट होतात.

मीठ घालून गर हातानं चांगला कालवायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळपर्यंत बिया सुट्या होतात आणि भरपूर रस सुटलेला असतो. बांबूच्या टोपलीतून किंवा स्टीलच्या मोठ्या चाळणीतून तो गाळायचा, बिया मुठीनं दाबून घ्यायच्या. दोन-अडीच लिटर दाट, गुलाबी-लाल रस मिळतो. हाच पुटाचा रस. यात पाणी एक थेंब घालायचं नाही. पुढे रस कमी पडला तर पाण्यानं वाढवण्यापेक्षा चार-सहा जास्त पिकलेली फळं कुस्करून घातलेली बरी. पाणी घातलं की मिठाचं प्रमाण खाली येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रसावर पांढरी साय धरते.

इकडे पहिल्या दिवशी सालं मीठ न लावता नुसती वाळवायची. हे महत्त्वाचं आहे. ताज्या सालीत पाणी इतकं असतं की ती रस आत घेतच नाही. दिवसभर ऊन खाऊन ती कोमेजली, थोडी आक्रसली, म्हणजे संध्याकाळी रसात टाकल्यावर रस शोषते. पोकळ बाजू वर करून ठेवा, म्हणजे आतली ओल आधी उडते. दुपारी एकदा उलटी करा.

वाळवायला हातरी, सूप, बांबूची तट्टी, काहीही चालेल ज्याच्या खालून वारा जातो. चार चिऱ्यांवर बांबू टाकून त्यावर तट्टी ठेवली की वरून ऊन आणि खालून वारा मिळतो. काळं प्लॅस्टिक अंथरलं तर खालच्या बाजूला घाम धरतो आणि तीच बाजू बुरसते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वाळवलेली सोलं मी कुणालाही खाऊ देणार नाही. आंबट रसानं त्यावरचं जस्त सुटतं. वरून मच्छरदाणीचं जुनं कापड ताणून बांधा, माश्यांसाठी. मुंग्या सहसा येत नाहीत, आंबट आणि खारट त्यांना मानवत नसावं.

सकाळी दहाच्या आधी बाहेर घालायची घाई नको, आणि संध्याकाळी साडेचार-पाचला आत. किनाऱ्यालगतच्या गावांत संध्याकाळचा वारा ओला असतो, दिवसभर उडालेली ओल तो परत आणून देतो.

आता पुट. संध्याकाळी आत आणलेली सालं रसात बुडवायची, वर ताटली ठेवून दाबायची, रात्रभर तशीच. सकाळी निथळून उन्हात. रस टाकायचा नाही, तोच पुन्हा संध्याकाळी. असं पाच वेळा केलं तर सोलं उत्तम होतात. तीन पुटांचीही सोलं होतात, बाजारात पुष्कळदा तीच असतात, आणि घाईत ती चालून जातात. सात पुटं देणारी घरं आहेत, पण माझ्या मते पाचव्यानंतर आंबटपणा फारसा वाढत नाही, मीठ तेवढं वाढतं. प्रत्येक पुटाला रस कमी होत जातो. पाचव्याला भांड्याच्या तळाशी जेमतेम पेलाभर उरला तर प्रमाण बरोबर जमलं असं समजा. बराच उरला तर साल पुरेशी वाळत नाही आहे, म्हणजे पुटांच्या मध्ये एक दिवस नुसतं ऊन द्यायला हवं.

रंग इथेच ठरतो. पहिल्या पुटाला साल मळकट लाल दिसते, दुसऱ्याला जांभळी, चौथ्या-पाचव्याला काळपट जांभळी. हा रंग अँथोसायनिनचा. तो प्रकाशात आणि उष्णतेत हळूहळू मोडतो. म्हणून पाचव्या पुटानंतर शेवटचं वाळवणं दोन दिवसांत संपवायचं, आठवडाभर उन्हात ठेवून कडकडीत करायची नाहीत. तयार सोल वाकवलं तर वाकतं, मोडत नाही. दोन बोटांत दाबलं तर रस येत नाही, पण बोटाला चिकट ओल लागते. कडकडीत वाळलेलं सोल टिकतं जास्त, पण आमटीत ते सुटायला वेळ लागतो आणि रंग तपकिरी येतो.

आणि आता ढग. मेमध्ये सकाळी ऊन, दुपारी गडगडाट, संध्याकाळी सर, हे गोव्यात नवं नाही. एक दिवस ऊन नसलं तर काहीच बिघडत नाही, सालं रसातच राहू द्यायची. मीठ आणि आंब दोन्ही राखणीला असतात. दोन दिवस गेले तर रसात शंभर ग्रॅम मीठ जास्त घालून ढवळा आणि सालं पूर्ण बुडालेली आहेत ना ते बघा. वर तरंगणाऱ्या सालीलाच आधी बुरशी धरते, कारण तिलाच हवा लागते. स्वच्छ दगड किंवा पाण्यानं भरलेली काचेची बाटली वर ठेवली की काम होतं. असं ठेवलेलं फळ आठ-दहा दिवस बिनघोर थांबतं. लोक चूक करतात ती इथे: पाऊस आला म्हणून अर्धी वाळलेली, ओलसर सालं टोपलीत घालून घरात झाकून ठेवतात. ना ती रसात, ना उन्हात. दुसऱ्या दिवशी ती गरम लागतात, तिसऱ्या दिवशी दारूसारखा वास येतो. तिथून ती परत येत नाहीत. ओल्या सालीची जागा उन्हात, नाहीतर रसात. मधली जागा नाही.

पावसानं मुक्कामच ठोकला तर घरात वाळवता येतात. चूल असेल तर चुलीवर चार हात उंच बांबूची चटई टांगून त्यावर पसरायची ही जुनी पद्धत. धुराचा हलका वास लागतो, माशाच्या हुमणाला (कालवणाला) तो बरा लागतो, सोलकढीला नाही. गॅसच्या घरात छताच्या पंख्याखाली तट्टी, आणि खोलीची खिडकी उघडी. बंद खोलीत पंखा लावला तर तीच दमट हवा फिरत राहते. फळं वाळवायचं विजेचं यंत्र असेल तर तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअस ठेवा, आणि प्रत्येक पुटानंतर आठ-दहा तास द्या. ६० च्या वर नेलं की वरची कातडी आधी कडक होते, आत ओल अडकते आणि रंगही करपतो. ओव्हन सगळ्यात कमी आचेवरही सहसा जास्त तापतो, त्यामुळे तो टाळलेला बरा.

पांढरं दिसलं की घाबरू नका, आधी तपासा. वाळताना मीठ वर येतं आणि सोलावर पांढरी पूड दिसते. ओलं बोट फिरवलं की ती नाहीशी होते, जिभेला खारट लागते. बुरशी लोकरीसारखी उभी असते, हिरवट-राखाडी झाक असते, वास कुबट येतो. बुरशीचं सोल फेकून द्यायचं, धुवून परत वाळवायचं नाही, आणि त्याच्या शेजारची सगळी एकदा तपासायची.

ऊन मिळणारच नाही अशी खात्री झाली तर सोलांचा नाद सोडा आणि आगळ, म्हणजे मिठावर टिकवलेला भिरंडांचा रस, करा. इथे फळाचा एक कणही वाया जात नाही. सालं आणि गर दोन्ही एकत्र, एक किलोला दीडशे ग्रॅम मीठ, थरावर थर देऊन बरणी भरायची. रोज एकदा कोरड्या लाकडी डावानं ढवळायचं. आठवड्याभरात रस सुटून सालं मऊ होतात. पिळून, गाळून काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायचा. आगळाला शिजवायचं नाही, मिठावरच तो टिकतो. मीठ कमी घातलं तर बाटलीत बुडबुडे येतात आणि बूच उडतं, जास्त झालं तर सोलकढीत वेगळं मीठ घालावं लागत नाही, एवढंच. म्हणून शंका आली तर मीठ जास्तीकडे झुकवा. बाटल्या काळोखात ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत लालाचा विटकरी रंग होतो.

मुलांसाठी गोड करायचं असेल तर ताज्या वाट्यांत साखर भरून, एक भाग साल आणि दोन भाग साखर या वजनानं, काचेच्या बरणीत थर द्यायचे. तोंडाला कापड बांधून सात-आठ दिवस उन्हात. साखर विरघळून पाक सुटतो. शेवटी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ. साखर दीडपट घातली तर पाक आंबतो, हे अनुभवानं पक्कं झालेलं आहे. साखर कमी खायची असेल तर पेल्यात पाक कमी घाला, बरणीत साखर कमी करू नका.

बियांबद्दल बोलल्याशिवाय हे काम पुरं होत नाही, आणि हल्ली बहुतेक घरांत त्या सरळ माडाच्या मुळाशी टाकल्या जातात याचं वाईट वाटतं. रस काढून उरलेल्या बिया पाण्यात चोळून धुवायच्या, चुलीची राख असेल तर राखेत घोळून उन्हात घालायच्या. राखेनं उरलेला बुळबुळीत गर सुटतो. आठ दिवसांत हलवल्यावर खुळखुळ आवाज आला की वाळल्या. डब्यात भरून ठेवा, घाई नाही. पावसाळ्यात हाताला वेळ असतो तेव्हा वरवंट्यानं फोडून टरफल पाखडायचं, आतली बी जाडसर वाटायची, चौपट पाण्यात घालून मंद आचेवर तासभर उकळायची. तेल वर तरंगतं. थंड झालं की त्याची घट्ट पांढरट-पिवळसर वडी बनते, कारण हे तेल साध्या खोलीत गोठलेलंच असतं आणि ३८ ते ४० अंशाच्या आसपास वितळतं. वडी उचलायची, पुन्हा एकदा पाणी न घालता वितळवून उरलेलं पाणी उडवायचं, आणि करवंटीत किंवा छोट्या वाटीत ओतायचं. एक किलो वाळल्या बियांतून घरच्या पद्धतीनं दोनशे ग्रॅमच्या आसपास भिरंडेल निघतं. पाणी पुरतं उडालं नाही तर महिन्याभरात खवट वास येतो. टाचांच्या भेगांना, थंडीत फुटलेल्या ओठांना यापेक्षा सरस काही मला माहीत नाही. पूर्वी ते खाण्यातही होतं.

सोलं साठवायला चिनी मातीची बरणी उत्तम. भरण्याच्या आदल्या दिवशी बरणी उन्हात तापवायची, सोलं मात्र पूर्ण गार झाल्यावर भरायची. गरम भरली तर झाकणाच्या आत वाफ धरते आणि तेच पाणी खाली उतरतं. तळाला मुठभर कोरडं मीठ, मग दाबून सोलं, वर परत मिठाचा हात. मोठ्या बरणीतून रोज काढू नका. महिन्याचं छोट्या बाटलीत काढून ठेवा, मोठी बंद राहू द्या. ओला हात किंवा ओला चमचा आत गेला तर श्रावणात त्याची फळं दिसतात. नवी सोलं महिनाभर मुरू दिली तर आंबटपणाचा उग्रपणा जरा खाली बसतो. लागलीच वापरायची असतील तर एखादं सोल कमी घाला.

वापरताना दोन गोष्टी. सोलांत मीठ असतं, तेव्हा आमटीत मीठ शेवटी चाखून घाला. आणि डाळ, कुळीथ, अळू यांत सोल आधी टाकू नका. आंबट पडल्यावर डाळ शिजत नाही, तासभर चुलीवर राहिली तरी टणकच. डाळ मऊ झाली की मग सोलं. बांगड्याच्या हुमणाला चार माणसांत पाच-सहा पुरतात, तिरफळांबरोबर त्यांची जोडी जमते. तिवळाला (सोलांच्या प्यायच्या पातळ साराला) सोलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चुरायची. उकळतं पाणी घातलं तर रंग लगेच येतो पण चव तुरट होते. त्याच सोलांना दुसऱ्यांदा पाणी घालून आमटीला वापरता येतं.

ज्यांना नवीन झाड लावायचं आहे त्यांनी बी लावू नये. बीपासून आलेली निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. कलम घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली कोकण अमृता ही जात लवकर तयार होते आणि तिचं बहुतेक फळ पावसाआधी हाती येतं, आजच्या हवामानात हा गुण सगळ्यात मोठा. जुन्या गोव्यात एला इथं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे, कलमांची चौकशी तिथेही करता येते. परसात जुनं झाड असेल तर ते तोडून नवं लावू नका. त्याचं उशिरा येणारं फळ आगळासाठी ठेवा, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघेल तेवढं पहिलं फळ, मग ते पाच किलोच का असेना, सोलांना लावा. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर निघालेल्या फळासाठी उन्हाची वाट बघू नये, मीठ आणि बरणी आधीच काढून ठेवावी.